लेह-मनाली रस्ता : बरे फोटो सगळे मागे वळून काढलेले

तिठा (धागाकर्ती, लालबाग)

नमस्कार मंडळी. गेल्या सप्टेंबरात आई-बाबांबरोबर आमच्याच गाडीने लडाखला जाऊन आले. तेव्हापासून इथे लिहायचं मनात होतं, पण फोटो निवडून झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. चार हजारांच्या आसपास फोटो होते. निवडता निवडता दिवाळी गेली, संक्रांत गेली. शेवटी बासष्ट उरले. ते ओळीने लावून पाहिले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, ती सांगायला हा धागा काढतेय.

त्या बासष्टांपैकी एकेचाळीस फोटो गाडीच्या मागच्या बाजूचे आहेत. म्हणजे आम्ही ज्या रस्त्याने आलो तो रस्ता, मागे वळून पाहिलेला.

आधी बाबांबद्दल सांगते, कारण हे सगळं त्यांच्यामुळे झालं. बाबा एसटीत चालक होते, एकतीस वर्षं. त्यातली बरीचशी कोकणच्या रातराणीवर. कशेडी, कुंभार्ली, आंबा, फोंडा हे घाट त्यांना घरच्या जिन्यासारखे पाठ. निवृत्त झाल्यापासून एकच धोशा होता, "तो लेहचा रस्ता एकदा हाताखालून जाऊ दे." गाडी साधी, डिझेलची, फोर व्हील ड्राइव्ह वगैरे काही नाही. बाबा चालवणार, मी शेजारी, आई मागे, तिच्या मांडीवर कॅमेऱ्याची बॅग आणि पायाशी दशम्या-भडंगाचे डबे.

मुंबई ते जम्मू चार दिवस लागले, त्याबद्दल काही लिहीत नाही. जाताना श्रीनगर-कारगिल-लेह असं गेलो आणि येताना लेह-मनाली. हे मुद्दाम केलं. श्रीनगर साधारण १,६०० मीटरवर, कारगिल २,७०० च्या आत, लेह ३,५००. शरीर पायरी पायरीने चढतं. मनालीकडून गेलात तर दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीच सरचूला ४,२०० च्या वर झोपावं लागतं. लेहमध्ये आम्ही सहा रात्री राहिलो, मग दक्षिणेला निघालो.

आणि तिथेच माझी अडचण झाली. लेहहून मनालीला जायचं म्हणजे तोंड दक्षिणेकडे. सप्टेंबरात त्या भागात भर दुपारीही सूर्य डोक्यावर येत नाही, दक्षिणेला कललेला राहतो. म्हणजे सकाळी दहापासून ऊन समोरून काचेवर. उपशीला सिंधू सुटते आणि रस्ता उजवीकडे ग्याच्या खोऱ्यात शिरतो. जांभळट, हिरवट, गंजाच्या रंगाच्या खडकांच्या उभ्या भिंती दोन्ही बाजूंना आणि त्यांच्या पायाशी कापणीला आलेल्या जवाच्या पिवळ्या पट्ट्या. डोळ्यांना हे सगळं दिसत होतं. कॅमेऱ्यात मात्र राखाडी भिंत आणि पांढरं आकाश येत होतं. मी एक्स्पोजर वर-खाली करून बघितलं, काच खाली करून बघितलं, चिडचिड केली.

बाबा शांतपणे म्हणाले, "अगं, ऊन मागे पडलंय. मागे बघ."

ते आरशात बघत होते. घाटात गाडी चालवणाऱ्याची नजर दर काही सेकंदांनी आरशात जाते, ती सवय त्यांची सुटलेली नाही. त्या तळहाताएवढ्या आरशात त्यांना मघापासून तेच खोरं उजळलेलं दिसत होतं आणि त्यांना वाटत होतं की मलाही दिसतंय. त्यांनी जागा बघून गाडी घेतली. मी उतरून मागे वळले आणि खरंच, प्रत्येक खडकाचा रंग वेगळा उभा होता. जवाची कणसं चमकत होती. आम्ही त्यातूनच आलो होतो आणि मी त्यातलं काहीही पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून बाबांनी आरसा माझ्यासाठीही बघायला सुरुवात केली. दर पाच-सात किलोमीटरला, "थांबू?"

दुसरी एक गोष्ट, जी कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. आपण सह्याद्रीत फोटो काढायला शिकतो. राजमाचीवरून, कळसूबाईवरून डोंगरांच्या रांगा एकामागे एक फिकट निळ्या होत जातात. हवेतलं बाष्प आपोआप अंतर दाखवतं, आपल्याला काही करावं लागत नाही. लडाखची हवा कोरडी आणि विरळ. तांगलांग ला ही खिंड ('ला' म्हणजे खिंड) साधारण ५,३२८ मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब मुंबईच्या जवळजवळ निम्मा. धुरकटपणा नाहीच. वीस किलोमीटरवरचा डोंगर दोन किलोमीटरवरच्या डोंगराइतकाच स्वच्छ दिसतो आणि फोटोत दोन्ही एकमेकांना चिकटतात. माझे पहिल्या तीन दिवसांचे फोटो असेच चपटे आले. मग कळलं की इथे अंतर दाखवायचं काम सावलीला आणि एखाद्या लहानशा वस्तूला द्यावं लागतं. एक ट्रक, एक छोर्तेन म्हणजे छोटा बौद्ध स्तूप, रस्त्याची एक बारीक रेघ. ती रेघ असली की डोंगर केवढा आहे ते कळतं. म्हणून रस्ता हा त्या फोटोंचा विषय झाला. आधी तो मी फोटोतून टाळत होते.

मोरे मैदान आणि गाटा लूप्सबद्दल प्रतिसादात लिहिते. फोटो अल्बममध्ये चढवतेय, नेट हळू आहे.

निळाई

काय सुंदर लिहिलंयस. बाबांना माझा नमस्कार सांग. रांगा चिकटतात हे अगदी पटलं, माझे स्पितीचे फोटो तसेच आलेत आणि मी लेन्सला दोष देत होते.

एक प्रश्न : पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावला होतास का? माझ्या फोटोंत आकाशाचा एक कोपरा जवळजवळ काळा आणि दुसरा फिका असा आला होता.

पारसिक

वाखु (वाचनखूण) साठवली. जूनअखेरीस आम्ही चौघे मोटरसायकलवर मनाली-लेह करतोय, त्यामुळे हा धागा अगदी वेळेवर आला. धूळ, बॅटरी, बॅकअप याबद्दल जमेल तितकं लिहा. आम्ही मनालीकडूनच जाणार आहोत, सुट्टी तेवढीच आहे.

तिठा

निळाई, पोलरायझर दोन दिवसांत काढून ठेवला. त्या उंचीवर आकाश आधीच गडद असतं. त्यात सूर्यापासून नव्वद अंशांवरचा पट्टा पोलरायझरने जास्त गडद होतो आणि वाइड लेन्समध्ये तो पट्टा आणि त्याच्या बाहेरचा भाग दोन्ही येतात. म्हणून कोपरा काळा. तळ्यांसाठी मात्र परत लावला. सूरज तालच्या काठावर पाण्याखालचे दगड दिसायला त्याचा उपयोग झाला.

पारसिक, धूळ हा तिथला खरा शत्रू. रस्त्याचे बरेच भाग आता छान डांबरी आहेत, पण काम चालू असलेले तुकडे लागतातच आणि तिथली धूळ पिठासारखी बारीक. मी कॅमेऱ्याच्या दोन बॉडी नेल्या होत्या. एक माझी, दुसरी मैत्रिणीची. एकीवर २४-७०, दुसरीवर ७०-३००, आणि रस्त्यावर लेन्स अजिबात बदलली नाही. एकच बॉडी असेल तर लेन्स रात्री खोलीत बदला. निघण्याआधी फोर्टात बोरा बाजारात जाऊन सेन्सर साफ करून घ्या.

बॅटऱ्या रात्री झोपताना अंगाशी घ्या, थंडीत त्यांची ताकद पटकन उतरते. गरम तंबूत शिरताना कॅमेरा आधी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून मग आत न्या, नाहीतर बाहेरच्या थंड काचेवर वाफ धरते. हार्ड डिस्क नेऊ नका. फिरत्या तबकडीच्या बऱ्याच डिस्क ३,००० मीटरपर्यंतच चालवण्यासाठी बनवलेल्या असतात, कारण आतली सुई हवेच्या पातळ थरावर तरंगते आणि वर तो थर पुरेसा राहत नाही. एसएसडी न्या. आपल्याकडचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. क्लाउडच्या भरवशावर तर राहूच नका.

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे, फोटोतलं काही कळत नाही, पण पारसिक यांच्यासाठी लिहिणं भाग आहे. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं आम्ही सांगतो. मनाली २,०५०, जिस्पा ३,२०० च्या आसपास, सरचू ४,२९०. जिस्पा ते सरचू ही उडी एका रात्रीत हजार मीटरची आहे. जिस्पाला किंवा केलाँगला दोन रात्री काढा. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं इथपर्यंत थांबा आणि पाहा. चालताना तोल जायला लागला, बोलणं अडखळलं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर वाट न पाहता खाली उतरा, रात्र असली तरी. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर हे आधी सांगा.

तिठा, साठी उलटलेल्या दोघांना घेऊन तुम्ही श्रीनगरकडून गेलात आणि लेहला सहा रात्री थांबलात हे फार योग्य केलंत.

तिठा

डॉक्टर, मनापासून आभार. आमच्याकडेही थोडं झालंच. पँगला रात्री थांबलो होतो, ४,६०० मीटर. लेहला इतके दिवस राहूनही आईचं डोकं रात्रभर ठणकत होतं. बाबांना ब्लडप्रेशर आहे म्हणून मी सगळं लक्ष त्यांच्यावर ठेवलं होतं आणि त्रास झाला आईला. तिने पहाटेपर्यंत सांगितलं नाही. माझा बेत सरचूला एक रात्र राहून सकाळच्या उन्हात त्सारप नदीच्या कापलेल्या काठांचे फोटो काढायचा होता, वर्षभर ते डोक्यात होतं. तो बेत सोडला. उजाडल्यावर निघालो ते संध्याकाळी थेट जिस्पा.

त्याच सकाळी गाटा लूप्स लागले. एकवीस वळणं. मनालीकडून येणारे ती चढतात, आम्ही उतरत होतो. वरून खाली बघताना सगळ्या वळणांचा नकाशा दिसतो, तो फोटो सगळेच काढतात, मीही काढला. पण खाली पोचेपर्यंत आईला चांगलंच हलकं वाटायला लागलं होतं. तिने दशमी मागितली आणि म्हणाली, "इथे थांबा थोडं, हिला मागे बघू दे." उतरले. उतार दक्षिणेकडे तोंड करून, सगळा उजेडात. रस्त्याच्या घड्या एकीवर एक रचलेल्या आणि वरून एकच ट्रक उतरत होता.

मी लगेच कॅमेरा उचलला तर बाबा म्हणाले, "थांब. भरलेला आहे. वळणावर तो जवळजवळ उभा राहील, तेव्हा घे. सरळ पट्टीवर तो नुसता ठिपका दिसेल, वळणावर त्याची बाजू दिसेल." आवाजावरून त्यांना कळलं होतं की ट्रक भरलेला आहे. अगदी तसंच झालं. तो वळायला लागला, त्याची रंगवलेली बाजू उन्हात आली आणि मी बटण दाबलं. अल्बममधला बाविसावा फोटो तो. आमच्या दिवाणखान्यात लावायला हाच निवडलाय.

रोलफिल्म

धागा वाचून जुनी पेटी उघडली. मी १९९६ साली गेलो होतो, मनालीहून, बसने. लडाख पर्यटकांना १९७४ मध्ये खुलं झालं, पण आमच्या वेळेसही गिरगावातून तिकडे जाणारा माणूस विरळा. स्लाइड फिल्मचे दहा रोल नेले होते, म्हणजे ३६० फोटो, तीन आठवड्यांसाठी. दिवसाला सतरा. तेवढ्यातच भागवायचं.

स्लाइडमध्ये उजेड आणि सावली यांतला फरक फार थोडा पेलला जातो. लडाखात भर दुपारी सावल्या काळ्या ठिक्कर यायच्या, म्हणून दुपारी कॅमेरा पिशवीतच. यूव्ही फिल्टर लावल्याशिवाय सगळं निळसर यायचं, कारण त्या उंचीवर अतिनील किरण भरपूर आणि फिल्म ते पकडते. तुमच्या डिजिटल सेन्सरवर ते अडवणारी काच असतेच, तेव्हा यूव्ही फिल्टर फक्त लेन्स वाचवायला लावा.

माझ्या ३६० मध्ये मागे वळून काढलेला एकही नाही. बसच्या खिडकीतून जे पुढे आलं ते. तुमचा धागा वाचून प्रथमच वाटलं की आपण अर्धाच रस्ता पाहिला.

उत्तरायण

कॅनडातून लिहितोय, मूळचा विलेपार्ल्याचा. दोन वर्षांपूर्वी युकॉनमधल्या डेम्पस्टर हायवेवर गेलो होतो. तुमच्या अनुभवाशी ताडून बघताना एक फरक जाणवला, तो लिहितो.

डेम्पस्टर डॉसन सिटीजवळून निघतो आणि इनुविकला जातो, सातशेहून जास्त किलोमीटर, जवळजवळ सगळा खडीचा. १९७९ मध्ये सुरू झाला. खाली कायम गोठलेली जमीन आहे. डांबर-खोदकाम केलं तर ती वितळून रस्ता खचेल, म्हणून जमीन न खोदता तिच्यावर खडीचा जाड थर टाकलाय, तो पांघरुणाचं काम करतो. पील आणि मॅकेन्झी या नद्यांवर पूल नाहीत. उन्हाळ्यात फेरी, हिवाळ्यात बर्फावरून रस्ता. ३६९ व्या किलोमीटरवर ईगल प्लेन्सला पेट्रोल आणि ४०५ व्या किलोमीटरवर आर्क्टिक वृत्त. त्या खडीत धारदार पाटीचा दगड असतो. माझे दोन टायर गेले.

आता फरक. जूनमध्ये तिकडे सूर्य मावळतच नाही. रात्री दहानंतर तो क्षितिजाला घासत आडवा सरकतो आणि ती सोनेरी तिरीप तासन् तास टिकते. मी रात्री बारा वाजता सावकाश ट्रायपॉड लावून, चहा पिऊन, परत फ्रेम बदलून फोटो काढले. लडाख ३३-३४ अक्षांशावर. तिथे सूर्य बराच उभा चढतो, त्यात आजूबाजूला डोंगर. तुम्हाला तो उजेड मिळतो किती, वीस मिनिटं? म्हणजे तुमच्याकडे जागा आधी ठरवून ठेवावी लागते. माझ्याकडे उजेडच थांबून राहत होता.

तिठा

उत्तरायण, हे वाचून मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. जमीन न खोदता रस्ता, हे ते दिवसभर आईला सांगत होते.

उजेडाचं अगदी खरं. काही खोऱ्यांत वीस मिनिटंही नाही. सूर्य मावळायच्या कितीतरी आधी डोंगराच्या मागे जातो आणि खोरं एकदम निळं पडतं. म्हणून मोरे मैदानाचं महत्त्व. साधारण चाळीस किलोमीटरची सपाटी, ४,७०० मीटरच्या आसपास, डोंगर लांब सरलेले. तिथे संध्याकाळचं ऊन शेवटपर्यंत मिळतं. रस्ता सरळ. आणि तिथेही मी मागे वळून उभी राहिले. पश्चिमेचं ऊन आडवं येत होतं, रस्त्यावरून नुकत्याच गेलेल्या गाडीची धूळ हवेत तरंगत होती. ज्या धुळीला मी दिवसभर बोल लावले तिनेच अंतर दाखवलं! सह्याद्रीतल्या धुक्यासारखं, पण सोनेरी. अठ्ठावन्नावा फोटो.

मैदानात कियांग दिसले, तिकडची रानगाढवं. दुपारी ३०० मिलिमीटरवर काढलेला त्यांचा एकही फोटो धारदार नाही. जमीन तापून हवा थरथरते आणि लांबचं सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं येतं. शटर कितीही वाढवला तरी फरक पडत नाही. गाडी घेऊन त्यांच्यामागे धावणारे लोक पाहिले आणि वाईट वाटलं. इतक्या विरळ हवेत त्या जनावरांना विनाकारण पळवायचं, तेही एका फोटोसाठी, हे करू नका. पहाटे हवा स्थिर असते, तेव्हा लांबूनच काढा.

माहीमची_खाडी

अल्बम पाहिला. बाविसावा अप्रतिम. एक खटकलं ते सांगतो, राग मानू नका. हा रस्ता ज्यांनी बांधला आणि दरवर्षी बर्फ काढून जे परत बांधतात, त्यांचा एकही चेहरा अल्बममध्ये नाही. सीमा सडक संघटनेच्या कामावर झारखंडहून, दुमका भागातून मजूर जातात. डांबर तापवतात, दगड फोडतात, त्या उंचीवर. तुम्ही एसटी चालकाची लेक, तुम्हाला ते दिसले नसतील असं वाटत नाही.

दुसरं, ड्रोन नेला होता का?

तिठा

राग अजिबात नाही. दिसले. बाराला-चा खिंडीच्या अलीकडे एका वळणावर दहा-बारा जण होते. डोळे सोडून सगळा चेहरा कापडात गुंडाळलेला, डांबराचा धूर. गाडी थांबवून घ्यावी लागली, रस्ता बंद होता. बाबा उतरून त्यांच्याशी बोलत बसले, तंबाखूची देवाणघेवाण झाली. त्यातले दोघे दुमक्याचेच. मी विचारलं, फोटो काढू का? एक जण म्हणाला, "ऐसे नहीं. नहा-धोके होते तो निकालते." धुरात, डांबरात माखलेलं असताना नको, हे त्याचं म्हणणं मला पूर्ण पटलं. मी त्याच्या जागी असते तर हेच म्हणाले असते. कॅमेरा ठेवून दिला. त्यांनी घातलेल्या ताज्या डांबराचा काळा पट्टा आणि कडेला ठेवलेली पाण्याची कळशी, एवढाच फोटो काढला. तो एकोणचाळिसावा आहे. खाली मथळा द्यायला हवा होता, तो आज देते.

ड्रोन नेला नाही. सीमेजवळचा भाग आहे, परवानग्यांशिवाय उडवणं बेकायदा. सैन्याचे ताफे, पूल, तपासणी नाके यांच्याकडेही कॅमेरा वळवायचा नाही.

माहीमची_खाडी

उत्तर आवडलं. तो फोटो परत पाहिला. आता वेगळा दिसतो.

निळाई

पण तिठा, एक शंका. पारसिक मनालीकडून लेहला जाणार, म्हणजे त्यांच्या पाठीशी ऊन. मग त्यांना पुढचंच नीट दिसेल ना? मागे वळायची गरज काय?

तिठा

बरोबर आहे, दिशेचं गणित त्यांच्यासाठी उलटं होईल. शिवाय जूनअखेर म्हणजे दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, ऐंशी अंशांच्या आसपास. दहा ते तीन सावलीच नाही, तेव्हा पुढे काय नि मागे काय, सगळं सपाट. ते तास त्यांनी अंतर कापायला वापरावेत. पण सकाळ-संध्याकाळ ऊन बाजूने असतं, तेव्हा दोन्हीकडे बघावं. आणि उजेड सोडला तरी एक आहे. चढताना पुढे फक्त पुढचं वळण दिसतं. आपण किती चढलो, कुठून आलो, ते मागेच दिसतं. तांगलांग लाच्या फलकाजवळ सगळे फलकासमोर उभे होते. ज्या दरीतून ते दोन तास चढून आले होते ती त्यांच्या पाठीशी होती.

पारसिक

मग थांबायचं कुठे? मोटरसायकलवर मोह फार होतो, कुठेही थांबावंसं वाटतं.

तिठा

हे बाबा सांगतायत, मी फक्त टाइप करतेय.

"बाळांनो, वळणाच्या पोटात कधीही थांबू नका. वळण पूर्ण संपवून पुढे सरळ पट्टीवर या. मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही निदान शंभर पावलांवरून दिसला पाहिजेत. वर बघा. उतार भुसभुशीत असेल, ताजे दगड रस्त्यावर पडलेले असतील तर तिथे एक मिनिटही नको. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, तुम्ही उतरताना तुमचं कितीही घाईचं असलं तरी. नाले सकाळी ओलांडा. ऊन चढलं की बर्फ वितळतो आणि दुपारनंतर त्याच नाल्याला दुप्पट पाणी येतं. गाडीवर असताना फोटो काढू नका. डोळा एकाच कामाला लावायचा. आरसा दोन्ही बाजूंचा पाहिजे, हल्ली पोरं काढून टाकतात, तसं करू नका. आणि भूक लागायच्या आधी खा."

पारसिक

काकांना साष्टांग नमस्कार. माझ्या एका मित्राने आरसे काढलेत, उद्याच लावायला सांगतो. केलाँगला दोन रात्री धरून बेत बदललाय, त्सो कर तळं वगळलं.

नाडीपरीक्षा

उत्तम निर्णय.

रोलफिल्म

जाताना तंबूवाल्या ढाब्यांचे फोटो नक्की काढा. आता दारचाहून शिंकू ला ओलांडून झांस्करमार्गे निम्मूला जाणारा २९८ किलोमीटरचा रस्ता २०२४ मध्ये जोडला गेलाय, खिंडीखाली बोगद्याचं काम सुरू झालंय. अटल बोगद्याने २०२० मध्ये रोहतांगचा ४६ किलोमीटरचा फेरा वाचवला आणि रोहतांगच्या वाटेवर मढीला उतरणारी गर्दी पुढे निघून गेली. १९९६ साली मढीला मी ज्या टपरीत राजमा-चावल खाल्ला, तिचा एकही फोटो माझ्याकडे नाही. सतरा फोटोंच्या हिशेबात टपरीला जागा द्यावीशी वाटली नाही, आणि आज तोच फोटो हवा होता.

तिठा

रोलफिल्म काका, तुमचं वाचून एक काम आठवलं, जे मी सात महिने पुढे ढकलतेय.

पँगला ज्या तंबूत राहिलो तिथल्या लडाखी आजींनी आईला रात्रभर तीनदा गरम पाणी दिलं, लसणाचं सूप करून दिलं, आपली जाड गोधडी तिच्यावर घातली. सकाळी निघताना मी त्यांचा फोटो विचारून काढला. चुलीपाशी, मागे भिंतीला लावलेल्या पितळी भांड्यांवर तंबूच्या फटीतून आलेलं ऊन. त्यांनी स्क्रीनवर बघितला आणि विचारलं, कागदावर मिळेल का? मी हो म्हटलं. पत्ता विचारला तर म्हणाल्या, पत्ता कसला, इथेच असते, रस्ता उघडला की. ऑक्टोबरात तंबू उतरवून त्या गावी जातात आणि रस्ता सुरू झाला की परत येतात. पँगला टपाल जात नाही.

दादरला प्रिंट काढून ठेवलाय, आठ बाय बारा, मॅट कागदावर. कपाटात आहे. पारसिक, तुम्ही पँगवरूनच जाणार.

पारसिक

नक्की नेतो. टँकवरच्या बॅगेत पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून नेईन, वळणार नाही. तंबू ओळखायचा कसा? तिथे रांगेने आहेत म्हणतात.

तिठा

लेहकडे तोंड करून उभे राहिलात तर डाव्या हाताला, मला आठवतं तसं शेवटून तिसरा. निळी ताडपत्री होती, पण या वर्षी बदललेली असू शकते. प्रिंटच दाखवा, शेजारचे सांगतील.

आईने एक पुडकं केलंय, मेतकूट आणि डांगराचं पीठ, सोबत कसं करायचं ते मला हिंदीत लिहायला लावलंय. तेही द्याल का? वजन अर्धा किलोच्या आत आहे.

पारसिक

आनंदाने. शनिवारी संध्याकाळी सहाला दादर पश्चिमेला, फुलबाजाराच्या तोंडाशी? मी मुंब्र्याहून येईन.

तिठा

चालेल. बाबाही येतायत, त्यांना तुमच्या गाडीचे आरसे बघायचेत.